उसण भरली की घेतो ती गोळी नेमकी करते काय?

पाठीत उसण भरली, मान अवघडली, कमरेत चमक निघाली, पोटरीला गोळा आला. कष्ट करणाऱ्या माणसाच्या घरात महिन्यातून एकदा तरी यातले काहीतरी ऐकू येतेच. मग घरातला कुणीतरी मेडिकलवर जातो, "पाठ धरलीय, गोळ्या द्या" म्हणतो आणि दोन-चार गोळ्यांची पुडी घेऊन येतो. गोळी घेतली की तासाभरात अंग सैल पडते, डोळा लागतो, सकाळी थोडे बरे वाटते. पुन्हा दुखले की पुन्हा तीच पुडी. ही गोळी कशाची आहे, ती पाठीत जाऊन काय करते, कुणी घ्यावी आणि कुणी मुळीच घेऊ नये, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या वेळी या गोळीची नीट ओळख करून घेऊ.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ या गावाचे उदाहरण घ्या. रामदास स्वामींचे जन्मगाव म्हणून हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे. पण या गावातला आणि आसपासच्या शिवारातला रोजचा दिवस चालतो तो वाकून काम करणाऱ्यांच्या पाठीवर. कापूस वेचायचा तो वाकून, सोयाबीन काढायचे ते वाकून, निंदणी-खुरपणी बसून आणि सरकत. गोदाकाठच्या पट्ट्यात ऊस आहे, आणि मराठवाड्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची आणि 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. जी मुले जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत जातात, त्यांचेही काम पाठीचे आणि खांद्याचेच. अशा माणसांना पाठदुखीची गोळी हा रोजच्या व्यवहाराचा भाग झाला आहे, म्हणूनच तिची माहिती असायला हवी.

उसण भरते म्हणजे काय होते?

आपल्या प्रत्येक स्नायूत बारीक तंतू असतात. स्नायू किती ताणला गेला याची खबर ते मज्जातंतूंमार्फत मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूला देतात. मज्जारज्जू तिथल्या तिथे हुकूम सोडतो, "आवळून धर." डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, तो याच व्यवस्थेमुळे. त्यात मेंदूला विचारायलाही वेळ लागत नाही. मात्र वरून मेंदू या व्यवस्थेवर सतत ब्रेक लावून असतो, म्हणून आपले स्नायू एरवी सैल राहतात.

जड मोळी उचलताना पाठीचा स्नायू किंवा त्याची शीर ताणली गेली, बारीकशी इजा झाली, की दुखऱ्या जागेकडून खबरांचा मारा सुरू होतो. मज्जारज्जू आजूबाजूच्या स्नायूंना आवळून धरायला सांगतो. शरीराचा हेतू चांगला असतो. दुखरी जागा हलू नये म्हणून ते फळ्या बांधल्यासारखे स्नायू घट्ट करते. पण घट्ट झालेला स्नायू स्वतःच दुखू लागतो, आणि दुखण्यामुळे तो आणखी आवळतो. यालाच आपण उसण म्हणतो.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला बोलावून पाठीला पाय लावून घेण्याची रीत आहे. "पाय लावला आणि उतरली," असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. उतरते हे खरे. पण पायाळूचा पाय लागला नसता तरी ती उतरलीच असती, कारण साध्या पाठदुखीतले बहुतेक रुग्ण काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. पाय लावण्यात एक धोकाही आहे. दुखणे मणक्याच्या गादीचे किंवा मोडलेल्या हाडाचे असेल, तर पाठीवर लाथ किंवा दाब देणे महागात पडू शकते. कार्यकारणभाव तपासून पाहण्याची सवय इथेही लावून घ्यावी. आणि हाच प्रश्न गोळीलाही विचारावा: बरे वाटले ते गोळीने, की दिवस गेल्याने?

गोळी पाठीत जात नाही

पुष्कळांची समजूत अशी की गोळी पोटातून निघते आणि दुखऱ्या स्नायूवर जाऊन त्याला सैल करते. तसे होत नाही. पोटात विरघळलेले औषध रक्तात मिसळते आणि सगळ्या शरीरात फिरते. उजवी बाजू दुखते की डावी, हे त्याला कळत नाही. स्नायू सैल करणाऱ्या या औषधांचे खरे काम चालते ते मज्जारज्जूत आणि मेंदूत. मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणारे "आवळून धर" हे हुकूम ती मंद करतात. म्हणजे दिव्यापाशी काही न करता पाठीमागच्या फ्यूजपाशी जाऊन वीज थोडी कमी करावी, तसा हा प्रकार आहे. या कारणानेच डॉक्टरी भाषेत या औषधांना मध्यवर्ती मज्जासंस्थेवर काम करणारी स्नायू-शैथिल्यकारी औषधे म्हणतात.

आणि म्हणूनच झोप येते. जे औषध मेंदूकडच्या हालचाली मंद करते, ते जागेपणही मंद करते. चक्कर, तोंडाला कोरड, पाय लटपटणे, कामात चूक होणे हे सारे त्याच कारणाने. या औषधांपैकी काहींचा उपयोग स्नायू सैल होण्यामुळे होतो की नुसत्या गुंगीमुळे, हा वैद्यकशास्त्रातही जुना प्रश्न आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे डॉक्टर स्नायू सैल करणारे जे इंजेक्शन देतात ते मात्र वेगळे. ते थेट मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे काम करते, श्वासाचे स्नायूही थांबवते, आणि म्हणून ते फक्त दवाखान्यात, श्वास देण्याच्या यंत्राच्या मदतीनेच देता येते. नाव सारखे वाटले तरी दोन्हींची गल्लत करू नये.

शोध लागला तो असा

या औषधांची सुरुवात 1940 च्या दशकात झाली. फ्रँक बर्जर हे शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये पेनिसिलिन टिकवण्यासाठी एखादे रसायन सापडते का ते शोधत होते. काही रसायने उंदरांना दिल्यावर त्यांचे पाय लुळे पडले, पण ते शुद्धीवर होते, डोळे उघडे होते. त्यातून 1946 मध्ये मेफेनेसिन हे औषध पुढे आले. त्याचा असर फार थोडा वेळ टिकत असे, म्हणून त्याच्यासारखी दुसरी औषधे शोधली गेली. मेथोकार्बामॉल, कॅरिसोप्रोडॉल ही त्याच घराण्यातली. बॅक्लोफेन हे औषध 1962 मध्ये फेफऱ्यावर उपाय म्हणून तयार केले गेले, पण फेफऱ्यावर ते फारसे चालले नाही आणि आखडलेल्या स्नायूंवर मात्र उपयोगी ठरले.

पुडीत काय असते?

आपल्याकडे पाठदुखीला मिळणाऱ्या गोळीत पुष्कळदा एक नव्हे, तीन औषधे एकत्र असतात. उदाहरणार्थ, 250 मिलिग्रॅम क्लोरझॉक्झाझोन, 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि 50 मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक. यातले पहिले स्नायू सैल करणारे, दुसरे ताप-वेदना कमी करणारे, तिसरे सूज आणि वेदना कमी करणारे. स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी नेहमी दिसणारी ही पाहा.

क्लोरझॉक्झाझोन: जुने औषध. झोप आणते. लघवीचा रंग नारिंगी किंवा लालसर होऊ शकतो, त्याला घाबरू नये. मात्र क्वचित यकृताला इजा होते. डोळे पिवळे झाले, भूक मेली, उलट्या सुरू झाल्या तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरकडे जावे.

टिझानिडीन: मज्जारज्जूतील हुकूम देणारे रसायन कमी सोडले जाईल अशी व्यवस्था करते. रक्तदाब उतरवते, त्यामुळे एकदम उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते. सिप्रोफ्लोक्सासिन हे जंतुनाशक औषध लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला अनेकदा दिले जाते. ते चालू असताना टिझानिडीन कधीही घेऊ नये. सिप्रोफ्लोक्सासिनमुळे यकृताला टिझानिडीन मोडता येत नाही, ते रक्तात कितीतरी पटींनी साठते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो.

थायोकोल्चिकोसाइड: याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलांचा वेल दिसतो, ती कळलावी. पूर्वी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरत, म्हणून हे नाव. वनस्पती अतिशय विषारी आहे. तिच्या बियांतून निघणाऱ्या द्रव्यावर प्रक्रिया करून हे औषध बनवतात. शरीरात त्याचा जो एक अंश तयार होतो, तो पेशींतील गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो असे आढळल्यावर युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने 2013 मध्ये त्यावर बंधने सुचवली. 16 वर्षांखालील मुलांना देऊ नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये, मूल होण्याच्या वयातील स्त्रीने गर्भनिरोधक वापरत नसल्यास घेऊ नये, आणि गोळी सलग 7 दिवसांहून जास्त चालू नये, अशी ती बंधने आहेत.

बॅक्लोफेन: हे साध्या उसणीचे औषध नव्हे. अर्धांगवायूनंतर, मणक्याला मार लागल्यावर किंवा जन्मतः मेंदूला इजा झालेल्या मुलांचे हातपाय कायमचे ताठ होतात. वरून लागणारा मेंदूचा ब्रेकच तुटल्यामुळे हा ताठरपणा येतो. तिथे हे औषध महिनोन्महिने द्यावे लागते. ते एकाएकी बंद केले तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. घरात असा रुग्ण असेल तर गोळ्या संपण्याआधी चार दिवस नव्या आणून ठेवाव्यात.

गोळीचा उपयोग किती?

"ब्रिटिश मेडिकल जर्नल" या नियतकालिकात 2021 मध्ये पाठदुखीवरील या औषधांच्या 31 चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सुमारे 6,500 रुग्णांचा त्यात समावेश होता. निष्कर्ष असा की नव्या पाठदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी दुखणे थोडे कमी होते. 100 गुणांच्या मापावर हा फरक 8 गुणांहूनही कमी होता, आणि तोही खात्रीने सांगता येत नव्हता. दुष्परिणाम मात्र वाढलेले दिसले. थोडक्यात, पहिले दोन-चार दिवस रात्रीची झोप लागावी, उठता-बसता यावे, एवढ्यापुरती ही गोळी कामाची आहे. महिनोन्महिने घेऊन पाठ बळकट करणारी ती गोळी नव्हे.

मग माणसे ती महिनोन्महिने का घेतात? कारण उघड आहे. फडावर पैसे टनावर मिळतात. एक दिवस बसले की त्या दिवसाची तोड गेली, आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते. "पाठ सांभाळून काम करा" असे सांगणे सोपे आहे, पण ज्याने उचल घेतली आहे त्याला ते परवडत नाही. म्हणून तो दुखणे दाबून काम करतो. दुखणे हा शरीराचा इशारा आहे. इशारा बंद करून तेच ओझे उचलत राहिले तर इजा वाढतच जाते. शिवाय रोजच्या डायक्लोफेनॅकने पोटात व्रण होतो, काळी शौच होते, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. पाठ वाचवायला गेलो आणि मूत्रपिंड गेले, अशी गत होऊ नये.

दारू आणि ही गोळी

ही गोष्ट प्रत्येक घरात स्पष्ट सांगितली पाहिजे. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी थोडी घ्यायची आणि वर पाठीची गोळी, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. दारूही मेंदू मंद करते आणि गोळीही. दोन्ही एकत्र आल्या की गुंगी दुपटीने वाढते, श्वास मंदावतो, माणूस उलटी होऊन घुसमटू शकतो. गोळी घेऊन ट्रॅक्टर चालवणे, मोटारसायकलवर बसणे, विहिरीवर उतरणे, मळणी यंत्रात हात घालणे हेही तितकेच घातक. एका चुकीने हात जातो.

यातल्या काही औषधांची चटकही लागते. कॅरिसोप्रोडॉलचे शरीरात मेप्रोबामेट या गुंगीच्या औषधात रूपांतर होते. म्हणून 2007 मध्ये युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने ते बाजारातून काढण्याची शिफारस केली आणि 2012 पासून अमेरिकेने त्याला नियंत्रित औषधांच्या यादीत टाकले. आपल्या महाराष्ट्राचाही यात संबंध आला. मुंबईची एक औषध कंपनी टॅपेन्टाडॉल हे अफूच्या जातीचे वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल यांची एकत्र गोळी बनवून घाना, नायजेरिया अशा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत पाठवते आणि तिथली तरुण पोरे तिच्या नादी लागली आहेत, असे बीबीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये उघड केले. त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात थांबवण्याचा आदेश दिला. पोट भरायला राबणाऱ्या गरीब तरुणांच्या अंगदुखीवर कोण कसा धंदा करतो, ते यावरून दिसते. आपल्याच देशात सप्टेंबर 2018 मध्ये सरकारने एकत्र औषधांच्या 328 मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत वेदनाशामकांची अनेक मिश्रणे होती. तेव्हा गोळीत जितकी औषधे जास्त तितकी ती जबर, ही समजूत सोडून द्यावी.

कुणी ही गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये?

गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता. यकृताचा, मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या व्रणाचा आजार असलेले. रक्तदाबाच्या, झोपेच्या, फेफऱ्याच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले. लहान मुले. आणि आपले म्हातारे आई-वडील. म्हाताऱ्या माणसाला या गोळीने रात्री उठताना झोक जातो, तो पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. पाठीच्या दुखण्यापेक्षा ते दुखणे कितीतरी मोठे.

आणखी एक चूक नेहमी होते. पाठीच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे माहीत नसते, आणि ताप आला म्हणून वेगळी पॅरासिटामॉलची गोळीही घेतली जाते. मोठ्या माणसासाठी दिवसभरात पॅरासिटामॉलची मर्यादा 4 ग्रॅम आहे, आणि दारू पिणाऱ्याने किंवा अशक्त माणसाने त्याहून बरेच कमी घ्यावे. जास्त झाले तर यकृत निकामी होते.

गोळीआधी काय करावे?

गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तव्यावर गरम केलेल्या फडक्याने 15-20 मिनिटे शेक द्यावा, कातडी भाजणार नाही हे पाहून. पूर्ण पडून राहू नये. एखादा दिवस विश्रांती ठीक, पण नंतर हळूहळू चालत राहिल्यानेच पाठ लवकर सुटते. कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी किंवा गोधडीची घडी ठेवावी. ओझे उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, ओझे अंगाशी धरावे, उचललेल्या अवस्थेत कमरेला पीळ देऊ नये. टोळीतल्या चार जणांनी ठरवले तर मोळी थोडी लहान बांधता येते आणि डोक्यावर देताना दोघांनी हात लावता येतो. पाणी भरपूर प्यावे.

बायांनी एक लक्षात ठेवावे. कंबर दुखते म्हणजे दर वेळी स्नायूच दुखतो असे नाही. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ यांबरोबर कंबर दुखत असेल तर ही गोळी त्याचा इलाज नव्हे. तपासणी करून घ्यावी.

ताबडतोब दवाखाना केव्हा गाठावा?

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, लघवी तुंबली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मणक्यात नस दाबली जात असते, आणि उशीर झाला तर पाय कायमचा जाऊ शकतो. पाठदुखीबरोबर ताप, रात्री घाम, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. उंचावरून पडल्यावर पाठ दुखत असेल तर हाड तपासावे. अशा वेळी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवता येते. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा केवळ पैशापायी मेडिकलच्या पुडीवर दिवस काढण्याचे कारण नाही.

डॉक्टरांना आणि दुकानदाराला काय विचारावे?

विचारण्यात कमीपणा नाही. या गोळीत कोणकोणती औषधे आहेत? किती दिवस घ्यायची? जेवणाआधी की नंतर? माझ्या चालू गोळ्यांबरोबर चालेल का? काम करताना झोप येईल का? हे पाच प्रश्न पाठ करून ठेवावेत. सुटी गोळी घेऊ नये, नाव वाचता येईल असा पट्टीचा तुकडा मागावा. पट्टीवर लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, अशी खूणगाठ बांधावी. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून नाव आणि मुदत वाचून घ्यावी. फडावर जाताना डॉक्टरांचा कागद आणि गोळ्यांची रिकामी पट्टी एका पिशवीत घालून बरोबर न्यावी, म्हणजे परमुलखातल्या डॉक्टरला आधी काय दिले होते ते कळेल आणि एकावर एक तीच औषधे पोटात जाणार नाहीत.

तीन-चार दिवस गोळी घेऊनही पाठ सुटली नाही, तर पाचव्या दिवशी नवी पुडी आणू नये. डॉक्टरकडे जावे.